नादारीची यादी, आईची वही

॥ श्री ॥
कोन, ता. भिवंडी
६ जानेवारी २०२५

ती. तुळजाआत्या हिस,
धनेशचा शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल, की कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही, आत्या. फक्त माझा फोन गेला आहे, तोही तांदळाच्या डब्यात. तो पाण्यात पडला नव्हता. त्या डब्याचं झाकण घट्ट बसतं आणि आतला आवाज बाहेर येत नाही, म्हणून ठेवला. वसुलीवाले सकाळी आठला सुरू होतात. क्षितिजा भात टाकायला डबा उघडते तेव्हा आत वीस-पंचवीस मिसकॉल शिजायला तयार असतात. मे महिन्याच्या सुट्टीत तू मला वडखळला रोज एक पत्र लिहायला बसवायचीस, तेव्हा तुझा राग यायचा. आज उपयोग झाला.

आता खरं सांगतो. भाऊंच्या पश्चात वळ गावची आपली जमीन गोदामाला गेली, त्या पैशांत आणि बँकेच्या कर्जात मी चार टेम्पो घेतले, हे तुला माहीत आहे. ज्या गोदामाचा माल मी उचलायचो, त्यांनी २०२३च्या दिवाळीत दुसरा वाहतूकदार धरला. टेम्पो बँकेने ओढून नेले, विकले, तरी कर्ज उरलंच. हप्ते भरायला मी क्रेडिट कार्डं वापरली आणि कार्डं भरायला मोबाईलवरची कर्जं घेतली. सगळं मिळून बत्तीस लाख होतात. म्हणून मी नादारीचा अर्ज करायचं ठरवलं आहे. कोर्टाला सांगायचं, की हे माझं देणं, ही माझी मालमत्ता, यापुढे माझ्याच्याने होत नाही.

वकील मिळाले आहेत, कुणाल नावाचे. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण दिवाळं काढायला येणाऱ्याशी आदराने बोलतात. त्यांचं ऑफिस निजामपुऱ्यात, एका लूमच्या कारखान्याच्या वर. खाली चोवीस लूम चालतात, त्यामुळे आपलं गुपित तिथे बेंबीच्या देठापासून ओरडून सांगावं लागतं. त्यांनी देणं किती म्हणून विचारलं. मी ओरडून सांगायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली. सगळे लूम एका दमात बंद, आणि त्या शांततेत माझे ‘बत्तीस लाख’ गल्लीच्या टोकापर्यंत गेले. खालून कोणीतरी हिंदीत ओरडून म्हणालं, की भाईसाब, हिम्मत रखो. पाच मिनिटांत दोन कटिंग चहा वर आले. आम्ही मागवले नव्हते, आणि पैसेही कोणी घेतले नाहीत.

कायदा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. पाचशे रुपयांचं देणं असलं आणि ते फेडता येत नसलं, की अर्ज करता येतो म्हणे. त्या हिशेबाने पगाराच्या आदल्या आठवड्यात अर्धं भिवंडी माझ्या रांगेत उभं राहील. अर्ज ठाण्याच्या कोर्टात द्यायचा. महिनाभरात सगळे कागद जमवायचे आहेत. घर आईच्या नावावर आहे, त्यामुळे छपराची काळजी करू नकोस.

फोन करू नकोस, तांदूळ उचलत नाहीत. पत्र लिही. लोभ आहे तसा राहू दे, त्यावर व्याज मात्र लावू नकोस.

तुझा,
धनेश


॥ श्री ॥
वडखळ, ता. पेण
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

चि. धनेश यास,
तुळजाआत्याचे अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमनला त्यात काय आहे ते कळल्याशिवाय जायचं नव्हतं, म्हणून तो ओट्यावर पाणी पीत बसून राहिला. मी त्याला सांगितलं, की भाच्याचं पत्र आहे, मजेत आहे. अर्धं तरी खरं आहे ना?

तुझी बातमी मला नवी नाही. दसऱ्यापासून विपुल नावाचा एक मुलगा मला फोन करतो. तुझ्या एका कर्जाच्या कंपनीत वसुलीला आहे. पहिल्या दिवशी तो फार जोरात बोलला. मी त्याला म्हटलं, की बाळ, मी छत्तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलाय, आवाज खाली. मग त्याचं नाव, गाव, जेवण झालं का ते विचारलं. आता तो रोज साडेअकराला फोन करतो आणि तुझा विषय शेवटी काढतो. त्याचीही तीन कर्जं आहेत. मुलगी बघायला जायचं होतं, तर मी त्याला सांगितलं, की मोटारसायकल उधारीवर घेऊन जाऊ नकोस. ऐकलं त्याने. तू ऐकलं नव्हतंस.

रागावत नाही, पण एकदा बोलते आणि सोडून देते. क्रिकेटच्या स्पर्धा भरवायची तुला काय हौस होती रे! मॅन ऑफ द सिरीजला मोटारसायकल! स्वतःच्या संघाला तीनदा जिंकवलंस, तरी ती गाडी दुसऱ्यानेच नेली. माझा भाऊ असता तर त्याने तुला त्याच स्टंपाला बांधला असता. झालं, बोलून संपलं.

नादारीची लाज वाटून घेऊ नकोस. होत नाही म्हणून चारचौघांत सांगायला टेम्पो घेण्यापेक्षा जास्त धीर लागतो. फक्त यादी नीट कर. गणितात तुझी सवय मला ठाऊक आहे. बेरीज बरोबर मांडायचास आणि हातचा विसरायचास.

आणखी एक. तीन वर्षांत तू इकडे फिरकला नाहीस. गणपतीच्या मूर्ती न्यायला तुझे टेम्पो पेणला यायचे. ड्रायव्हर माझ्याकडे चहा पिऊन जायचा, मालक कधी नाही. का, ते मी विचारणार नाही. म्हणजे विचारतेच आहे.

तीळगूळ पाठवलाय, पोस्टात त्याचा भुगा होईल, तरी गोड बोल. क्षितिजाला आणि वहिनीला आशीर्वाद व नमस्कार. माया आहेच, ती मागायला तुला अर्ज करावा लागणार नाही.

तुझी,
आत्या


॥ श्री ॥
कोन
२२ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तीळगुळाचा भुगा चमच्याने खाल्ला. विपुलला माझा नमस्कार सांग. माझ्याशी तो इतका गोड कधी बोलला नाही.

रविवारी वकिलांचे कारकून देवेशभाऊ घरी येऊन माझी मालमत्ता लिहून घेऊन गेले. पन्नाशीचे गृहस्थ आहेत, फार काटेकोर. दारातल्या चपलांपासून सुरुवात केली. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि बाईचं मंगळसूत्र यांना कोर्ट हात लावत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. क्षितिजाने तरी पदर पुढे ओढून घेतला. मग ते ओसरीवरच्या मोठ्या टोपापाशी अडले. तोच, माझ्या हळदीला वाडीभराचं मटण ज्यात शिजलं होतं. त्यांचं म्हणणं, दोनशे माणसांचं जेवण ज्यात होतं ते घरचं भांडं कसं? आई म्हणाली, की आमच्यात येकेका घरात दोनशे मान्सं येतात, त्याला आमी काय करनार. देवेशभाऊंनी टोप ‘स्वयंपाकाचे भांडे (मोठे)’ असा लिहिला.

चषक त्रेचाळीस निघाले. त्यांनी एक उचलून नखाने खरवडला, प्लॅस्टिक निघालं, तर सगळ्यांची मिळून किंमत दोनशे पंधरा रुपये लावली. आत्या, तू बोललीस त्यापेक्षा ते दोनशे पंधरा रुपये मला जास्त लागले.

मी वकिलांकडे बँकेचे कागद घेऊन निघालो तेव्हा देवेशभाऊंनी आईलाही विचारलं, की घराचं आणखी कोणाकोणाचं देणं आहे का. आईने त्यांना आत बोलावून कपाटातून कसलीतरी लाल वही काढून दिली, असं क्षितिजा म्हणाली. भाऊंची जुनी हप्त्यांची वही असेल. देवेशभाऊ भलतेच खूश होऊन गेले म्हणे, असा व्यवस्थित कागद कोणी देत नाही.

माझी यादी तयार आहे. सात नावं आहेत, एक बँक, तीन कार्डं, तीन मोबाईलवाले. हातचा विसरलेलो नाही. तीन वर्षांचं विचारलंस, त्याचं उत्तर पुढच्या पत्रात देईन.

आशीर्वादाचा हात डोक्यावर ठेव, त्याची नोंद देवेशभाऊंनी केलेली नाही.

तुझा,
धनेश


॥ श्री ॥
कोन
४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंना,
क्षितिजाचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, पण आता लिहायलाच हवं. आधी हसायचं सांगते, मग दुसरं.

सासूबाईंनी देवेशभाऊंना दिलेली लाल वही हप्त्यांची नव्हती. ती आमच्या लग्नातल्या आहेराची वही होती. कोणी हळदीला किती घातले, कोणी डबा दिला, कोणी साडी, सगळं ओळीने, आणि समोर फेडीचा रकाना. ज्यांच्या घरचं कार्य अजून झालं नाही, त्यांचा रकाना कोरा. देवेशभाऊ पडले पालघरकडचे, आमच्या घरचे नव्हेत. त्यांना वाटलं, कोऱ्या रकान्यांची माणसं म्हणजे धनेशचे सावकार. त्यांनी ती एकशे शहाऐंशी नावं टाइप केली आणि वकिलांना न विचारता सगळ्यांना पत्रं धाडली, की धनेश यांजकडून आपले रुपये १०१ व एक स्टीलचा डबा येणे आहे, ते बरोबर असल्यास सात दिवसांत कळवावे.

तीन दिवस आमच्या दारात जत्रा होती. एक मावशी लग्नाचा आल्बम घेऊन आल्या, त्यांनी १५१ दिले होते आणि फोटोत पाकीट दिसतंय. एकाला आपले ५१च लिहिल्याचं वाईट वाटलं. तेव्हाच्या मानाने ते खूप होते, असं तो चहा संपेपर्यंत सांगत होता. सासूबाईंना आम्ही विचारलं, की असं कसं केलंत. त्या शांतपणे म्हणाल्या, की मना विचारलं देनं कुनाकुनाचं हाय, ते मी दिलं. ह्ये देनं न्हाय तर कनचं?

पण चौथ्या दिवशी राघोकाका आले. मामंजींचे चुलतभाऊ, तुम्ही ओळखताच. त्यांनी घोळ निस्तरायला आलेल्या देवेशभाऊंना विचारलं, की कोर्टात नाव गेल्यावर पुढं काय होतं. देवेशभाऊ म्हणाले, की कोर्टाने मुक्त केलं की ते देणं संपतं, मग कोणी कोणाला काही मागायचं नाही. काकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, मंग माझ्या नातीच्या हळदीला धनेश येनार न्हाय तर. आणि चहा अर्धा टाकून निघून गेले. त्यानंतर एकेक जण येऊन सांगून गेला, की आमचं नाव काढा. कुणालवकिलांनी डोक्याला हात लावला, आहेर म्हणजे कर्ज नव्हे असं सांगून सगळ्यांना माफीची पत्रं पाठवली. ती एकशे शहाऐंशी नावं आता यादीत नाहीत.

आता दुसरं. आत्याबाई, यादीत तुमचंही नाव नाही. तीन वर्षांपूर्वी गोदामाचे पैसे अडकले आणि ड्रायव्हरांचे पगार थकले, तेव्हा तुम्ही तुमच्या दोन पाटल्या काढून दिल्यात, जमेल तेव्हा परत कर म्हणालात. त्या मोडून पगार दिले गेले. हे धनेशने वकिलांना सांगितलंच नाही. वकिलांनी मला विचारलं, तेव्हा मीही ते सांगितलं नाही, आणि ते मला टोचतंय. अर्जावर यादी खरी आहे असं शपथेवर लिहायचं असतं. नाव मुद्दाम गाळलं हे उघड झालं तर अर्ज फेटाळला जाईल, वर खोट्या शपथेचा गुन्हा लागेल, असं वकील सगळ्यांनाच बजावतात. मी धनेशला दोनदा सांगितलं. तो ताटावरून उठून जातो.

तो फक्त तुमचं ऐकेल. मी लिहिलं हे सांगितलंत तरी चालेल. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची,
क्षितिजा


॥ श्री ॥
वडखळ
१० फेब्रुवारी २०२५

चि. धनेश यास,
अ. आ. वि. वि.

तुझी बेरीज चुकली आहे. बत्तीस लाख नव्हे. पाटल्या सहा तोळ्यांच्या होत्या आणि त्या दिवशीच्या भावाने त्यांचे दोन लाख नव्वद हजार आले, सराफाची पावती तू मलाच आणून दाखवली होतीस. चौतीस लाख नव्वद हजार. हातचा तू विसरलास, आणि ती हातची मी आहे.

विपुलच्या कंपनीला यादीत नंबर आहे आणि सख्ख्या आत्याला नंबरच नाही! त्या मुलाला मी हे सांगितलं, तर तोसुद्धा हळहळला. म्हणाला, की मॅडम, तुम्ही तरी क्लेम करा.

मी ते पैसे बक्षीस दिले नव्हते. उसने दिले होते. वकिलांना तसं सांग आणि माझं नाव घाल. उगाच आत्याने प्रेमाने दिले वगैरे लिहायला लावू नकोस, प्रेमाने दिले हे खरं असलं तरी. क्षितिजाने मला लिहिलं म्हणून तिच्यावर चिडशील तर माझ्याशी गाठ आहे.

उत्तर लगेच पाठव. आशीर्वाद आहेत, पण सध्या थोडे जपूनच वापरते आहे.

आत्या


॥ श्री ॥
कोन
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

क्षितिजावर चिडलो नाही. तिच्यासमोर मान वर करायला मला दोन दिवस लागले, एवढंच.

तीन वर्षं का आलो नाही, ते आता सांगतो. दोनदा आलो होतो. एकदा गणपतीच्या आधी टेम्पोबरोबर, एकदा गेल्या मे महिन्यात. दोन्ही वेळा वडखळ नाक्यावर उतरलो, तुझ्यासाठी पेढे घेतले आणि नाक्यावरूनच परत फिरलो. दार तू उघडणार, पाण्याचा तांब्या तू पुढे करणार, आणि माझी नजर तुझ्या मनगटावर जाणार. त्या पाटल्या तू तुझ्या अकरा वर्षांच्या पगारातून केल्या होत्यास. मला ते बघवलं नसतं. पेढे एकदा ड्रायव्हरने खाल्ले, एकदा परतीच्या एसटीत मीच.

यादीत नाव का घातलं नाही, तेही ऐक. यादीतलं प्रत्येक नाव कोर्ट एक दिवस खोडणार आहे. बँकेचं खोडलं तर मला झोप लागेल. तुझं खोडलं तर? राघोकाका अर्धा चहा टाकून गेले, ते मी दारातून बघत होतो. एकशे एक रुपयांसाठी त्या माणसाचे डोळे भरले होते. त्यांना कळलं ते खरंच आहे, आत्या. देणं संपलं की येणं-जाणं संपतं. तू तर सहा तोळे दिलेस. एक देणं तरी माझ्या नावावर राहू दे. मी दुसऱ्याचा टेम्पो चालवीन, रात्रपाळी करीन, वीस वर्षं लागली तरी तुझ्या पाटल्या तुझ्या हातात घालीन. कागदावर नाव नसलं म्हणजे मी विसरलो, असं नाही.

अर्ज ३ मार्चला द्यायचा आहे. मला समजून घे. माया आहे तेवढी पुरे, जास्त मागायचं तोंड नाही.

तुझा,
धनेश


॥ श्री ॥
वडखळ
२२ फेब्रुवारी २०२५

चि. धनेश यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रडले, हे लपवत नाही. विपुलचा फोन आला तेव्हा घसा बसला होता, तर त्याने मला आल्याचा काढा घ्यायला सांगितला. आता काढा पिऊन लिहिते आहे.

पहिलं म्हणजे, तू गाढव आहेस. राघोदादा आहेराविषयी बोलत होते आणि त्यांचं बरोबर होतं. आहेर हे हात बदलत फिरायचंच असतं. पण माझ्या पाटल्या आहेर नव्हत्या. तू अडचणीत होतास, मी उसने दिले. उसन्याला कागद लागतो.

दुसरं असं, की मला मागच्या दाराने फेडशील म्हणतोस, तर तो पैसा कोणाचा? तुझ्याकडे जे काही असेल ते आधी सगळ्यांचं आहे, बाकीच्या सातांचंही. त्यांना चुकवून मला दिलेल्या पाटल्या मी घालणार नाही. शपथेवर खोटं लिहून तू माझा मान राखणार असशील तर तसला मान मला नको. कोर्टाने माझं नाव खोडलं तर खोडू दे. माझी पेन्शन येते, एकटीचा भात किती लागतो? मनगट रिकामं आहे, त्याची सवय झाली. तू येत नाहीस त्याची मात्र झाली नाही. तीन वर्षं मला वाटत होतं, की पैसे देऊन मी भाचा घालवला. पाटल्यांचं मला काही नाही धनेश, मला तू परत हवा आहेस.

सोबत मी सही करून चिठ्ठी जोडली आहे. रुपये दोन लाख नव्वद हजार उसने, तारीख, सराफाचं नाव, सगळं आहे. वकिलांना दे. पहिल्या नंबरावर घातलंस तर बरं दिसेल. वयाने मोठी आहे मी सगळ्यांपेक्षा.

पेढे नकोत. येताना कोनच्या बाजारातलं सुकट आण.

तुझी,
आत्या


कोन
८ मार्च

तुळजावन्संना गुनाबाईचा नमस्कार.

मी पयल्यांदा कागद लिवते, चुकलं तर मास्तरीनबाईंनी माफ करावं. अक्षर तुमीच शिकवलेलं हाय. मी घरात नवी नवरी आले तवा तुमी सातवीत व्हत्या, चुलीपुढल्या राखंत बोटानं अ आ काढून दावायच्या. भात करपला म्हनून दोघींना बोलनं बसायचं.

सोमवारी धनेश ठान्याला जाऊन अर्ज देऊन आला. यादीत आठ नावं हायेत, तुमचं पयलं. वकील बोलले नंबरानं काय फरक पडत न्हाय. धनेश बोलला, मना पडतो. तुमची चिठ्ठी त्यानं सोताच्या हातानं वकिलांना दिली, असं क्षितिजा बोलली. घरी येऊन पयला फोन तांदळातून काढला, पुसला, आनि राघोभावजींना लावला. एप्रिलात कोर्टाची तारीख पडली, त्याच दिवशी सांजच्याला त्यांच्या नातीची हळद. भावजी बोलले, कोर्टातून सरळ मांडवात ये, टोप घेऊन ये. मंग टोप मी आजच घासून ठेवला.

देवेशभाऊंनी माझी लाल वही परत दिली. वरून माफी मागत व्हते. मी बोलले, तुमी येकशे श्याऐंशी कागद लिवले, मना येक लिवता येत न्हाय व्हय? म्हनून बसले.

वहीच्या शेवटल्या पानावर मी माझ्या हातानं लिवलंय. तुळजावन्सं, पाटल्या दोन. धनेश अडचनीत व्हता तवा. समोरचा फेडीचा रकाना कोरा ठेवला. तुमी म्हनाल, आहेर न्हाय, उसनं हाय. असंल. कोर्टाच्या यादीत तुमी सांगितलं तसं लिवलं. कोर्ट ती यादी खोडंल, खोडू दे. ही वही माझी हाय, ही आता कुनाला द्यायची न्हाय. माझ्या मागं क्षितिजा सांभाळंल, तिला दावून ठेवलंय.

धनेश उद्या सकाळच्या एसटीनं तुमच्याकडं येतोय. सुकट घेतलंय. नाक्यावरून परत फिरंल म्हनून मीपन संगट निघाले. म्हंजे ह्यो कागद पोस्टात टाकत न्हाय, मीच हातात देते. तोंडानं बोलाया गेले तर मना रडू येतं, म्हनून लिवलं. माया हाय ती ऱ्हाऊ द्या.

वाचून झालं की घडी करा आनि चाय टाका. पोर दारात उभा आसंल, त्याला आधी आत घ्या.

गुनाबाई